उषस्तीने नाकारलेले पाणी

मोठ्या दोषातून बाहेर पडण्यासाठी त्याहून लहान असा दुसरा दोष समजून-उमजून पत्करावा की पत्करू नये, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना नवा नव्हता. आपद्धर्माची प्रकरणेच्या प्रकरणे त्यांनी त्यासाठी खर्ची घातली आहेत. परंतु हाच प्रश्न पुढे एका विडी ओढणाऱ्या गृहस्थापुढे, बोटभर लांबीच्या, विजेच्या घटावर चालणाऱ्या आणि धुराच्या जागी वाफ देणाऱ्या नळीच्या रूपाने उभा राहील आणि त्या नळीची निवड कशी करावी याचा विचार करता करता त्याला उपनिषदांपर्यंत जावे लागेल, असे काही त्यांच्या मनात आले नसावे.

मोहगाव हे सौंसर तहसिलीतील गाव, अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीबाहेरही परिचित असलेले. ज्या मध्यप्रदेशाची राजधानी एकेकाळी नागपूर होती त्याच्यातून १९५६ साली नागपूर निघून गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मात्र तेथेच राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा निराळा जिल्हा काढण्यात आला तेव्हा लोकांच्या अर्जांवरचा कचेरीचा पत्ता तेवढा बदलला. ओट्यावरची विडी आणि पानठेल्यावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा यांच्या वहिवाटीत काही खंड पडला नाही. अशा गावातला एखादा मुलगा नागपुरास शिकतो, पुण्यास नोकरी करतो आणि तेथून विलायतेस जातो. तेथे सिगारेट सोडून वाफेची नळी धरतो, आणि दिवाळीला घरी यायचे ठरले की चाळीस वर्षे विडी ओढून छातीत घरघर घेऊन बसलेले त्याचे काका त्याला दूरध्वनीवरून सांगतात, "येतानी ते वाफेचं माह्यासाठीबी एक घेऊन येजो." प्रसंग कल्पित असला तरी असंभाव्य मुळीच नाही. विचार करण्यासारखी गोष्ट ही की दुकानात उभ्या असलेल्या पुतण्यापुढचा प्रश्न आणि ओट्यावर बसलेल्या काकांपुढचा प्रश्न, वस्तू एकच असूनही, एक नाहीत.

पुतण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण त्याच्या नव्या देशातील सरकारनेच या पर्यायास मुभा दिलेली आहे. इतकेच नव्हे, तर इंग्लंडात २०२३ साली दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी अशी नळी व तिचे साहित्य देण्याची योजना सरकारी खर्चाने जाहीर झाली. या अनुज्ञेमागील तर्क मायकेल रसेल या ब्रिटिश मनोवैद्याने १९७६ सालीच मांडून ठेवला होता. मनुष्य धूम्रपानाला जखडला जातो तो निकोटीनमुळे, आणि मरतो तो मुख्यतः जळण्यातून निर्माण होणाऱ्या डांबरामुळे, असा त्याचा आशय. पुढे २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने, ज्याचे वडील धूम्रपान करीत असत आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, हे यंत्र आजच्या रूपाच्या जवळपास सिद्ध केले. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या द्रावणात निकोटीन मिसळलेले असते, बॅटरीने तापलेली बारीक तार त्याची वाफ करते, आणि पेटत काहीच नसल्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे दोन जुने वैरी बहुतांशी बाहेर राहतात. ही वाफ निरुपद्रवी आहे असे कोणीही जाणता म्हणत नाही, आणि दीर्घकाळाचा हिशेब अजून मांडून व्हायचा आहे. तथापि ती धुरापेक्षा पुष्कळच कमी अपायकारक आहे असे ब्रिटिश वैद्यकाचे मत आहे, आणि निकोटीनच्या गोळ्या वा पट्ट्यांपेक्षा तिच्या साह्याने सिगारेट सुटणारांचे प्रमाण अधिक आढळते, असा कॉक्रेन संस्थेच्या समीक्षांचा निष्कर्ष आहे.

आता पहिली नळी निवडताना अनुभवी माणसे जे सांगतात ते ऐकण्यासारखे आहे. ओढ सिगारेटीसारखी घट्ट असावी, म्हणजे वाफ आधी तोंडात व मग छातीत जावी. यंत्र साधे, भरायला सोपे असावे. आणि निकोटीनचे प्रमाण पूर्वीच्या सवयीला पुरेल इतके असावे, कारण विलायतेत कायद्याने ठरविलेल्या एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम या मर्यादेच्या जवळचे द्रावण ज्याला हवे आहे त्याने भिडेपोटी ३ मिलिग्रॅमचे घेतले, तर त्याची तलफ भागत नाही आणि तो दुसऱ्याच आठवड्यात सिगारेटीकडे परततो. ढगासारखी वाफ सोडणारी मोठी यंत्रे, फळांचे व मिठाईचे स्वाद, रंगीबेरंगी नळ्या, यांच्या नादी नवख्याने लागू नये, असेही ते सांगतात. हा उपदेश करणारांनी छांदोग्य उपनिषद वाचलेले असण्याचा संभव कमी; पण त्यांनी दिलेली व्यवस्था मला तेथील एका कथेशी विलक्षण जुळणारी वाटते.

गारपिटीने पिके बुडालेल्या कुरुदेशात उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान आपल्या पत्नीसह हत्तींच्या माहुतांच्या गावात दैन्याने दिवस काढीत होता. गारपीट म्हणजे काय हे मोहगावच्या संत्र्याच्या बागाइतदारास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे एक माहूत हलक्या प्रतीचे उकडलेले उडीद खात बसलेला पाहून उषस्तीने त्याच्याकडे त्यातलेच मागितले. हे माझे उष्टे आहेत, याखेरीज माझ्यापाशी काही नाही, असे तो म्हणाला. तरी उषस्तीने ते घेतले. मग माहूत म्हणाला, हे पाणीही घ्या. तेव्हा उषस्तीने नकार दिला : ते उष्टे होईल. माहुताने साहजिकच विचारले की उडीद उष्टे नव्हते काय? त्यावर उषस्तीचे उत्तर असे की हे उडीद खाल्ले नसते तर मी जगलोच नसतो, पाणी मात्र मला इच्छेप्रमाणे अन्यत्र मिळू शकते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात जेव्हा कोणत्याही अन्नाची अनुज्ञा केवळ प्राणसंकटापुरतीच असते असा निर्णय दिला गेला, तेव्हा आधार घेतला गेला तो याच कथेचा.

या कथेत उषस्तीचे थोरपण उष्टे खाण्यात नाही आणि केवळ उष्टे पाणी नाकारण्यातही नाही. एकाच माणसाच्या हातून, एकाच बैठकीत, काही क्षणांच्या अंतराने मिळणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक घेण्याची आणि दुसरी न घेण्याची सीमा त्याने जेथे आखली तेथे ते आहे. भुकेने घेतलेल्या सवलतीचा लाभ तहानेने उठवू नये, हा त्याचा निवाडा. वाफेच्या नळीला तो लावून पाहिला की निवडीचे सगळे कोडे उलगडते. तलफ शमविण्यापुरते निकोटीन हे उडीद होत. त्यांत कंजुषी करणारा उपाशीच राहतो आणि रात्री चोरून धुराकडे जातो, म्हणून ते पोटभर घ्यावेत. आंब्याचा स्वाद, वाफेचे ढग, मित्रमंडळींत मिरवायची चकाकणारी नळी हे मात्र पाणी होय. त्यावाचून कोणाचा जीव जात नाही, आणि ते एकदा प्यायले की जो आपद्धर्म होता त्याचा विलास होतो. विलायतेनेही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकावयाच्या रंगीत नळ्यांची विक्री बंद केली, ती कचऱ्याच्या आणि कोवळ्या पोरांच्या कारणाने असली तरी, उषस्तीला ती मानवली असती.

परंतु पर्यायाचा विचार उपनिषदाने ओझरता केला असेल, तर मीमांसकांनी तो सांगोपांग केला आहे, आणि त्यांच्या निर्णयांत काकांच्या प्रश्नाचे उत्तर अधिक स्पष्ट सापडते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा अधिकार सांगितला आहे : यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळेना, तर काय करावे? सोम मिळाला नाही तर पूतीक घ्यावा, भात मिळाला नाही तर नीवार. पण त्यास अटी आहेत. प्रतिनिधी मूळ द्रव्याशी सदृश असावा. आणि घेतलेला प्रतिनिधीही मध्येच संपला, तर पुढचे द्रव्य शोधताना ते प्रतिनिधीशी नव्हे, तर मूळ द्रव्याशीच सदृश असावे, म्हणजे एकातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे करीत मनुष्य मुळापासून भलतीकडे वाहवत जाऊ नये. साध्या नळीतून मोठ्या यंत्रात, तेथून नव्या स्वादांत, आणि तेथून आणखी कशात घसरत गेलेल्या कितीएकांची कैफियत या एका नियमात आलेली आहे.

येथे कोणी अशी हरकत घेईल की यज्ञ ही पुण्यक्रिया, विडी हे व्यसन. एकाचे न्याय दुसऱ्यास लावणे हा शास्त्राचा विपर्यास आहे. हरकत रास्त आहे, आणि तिच्यामुळेच खरा मुद्दा पुढे येतो. विडी ओढणे हे मुख्य कर्म मानले, तर वाफेची नळी हा त्याचा प्रतिनिधी ठरतो आणि ते कर्म आमरण चालू ठेवण्याची तजवीज होते. विडी सोडणे हे मुख्य कर्म मानले, तर तीच नळी त्या त्यागाचे केवळ एक साधन, एक अंग ठरते, आणि कर्म संपले की अंगाचे प्रयोजनही संपते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात, एकाच दुकानातून एकच वस्तू घेतात, एकाच रीतीने ती ओठांस लावतात. अंतर असते ते संकल्पात. म्हणून कोणती नळी घ्यावी हा प्रश्न विचारण्यापूर्वी, मी नेमके कोणते कर्म आरंभिले आहे, एवढे तरी माणसाने स्वतःशी रुजू करून घ्यावे. जो सकाळी नळी आणि संध्याकाळी विडी अशी दोन्ही चालू ठेवतो त्याने यांपैकी कोणतेच कर्म धड आरंभिलेले नसते, आणि वैद्यही सांगतात की विडी पूर्ण सुटल्याखेरीज नळीपासून म्हणण्यासारखा लाभ होत नाही.

मीमांसकांची आणखी एक अट आहे, आणि काकांचा निकाल तिच्यावर लागतो. मूळ द्रव्याशी कितीही सदृश असले तरी जे द्रव्य निषिद्ध आहे ते प्रतिनिधी होऊ शकत नाही. उडीद व हरीक यांना यज्ञात याच कारणाने मज्जाव आहे. उषस्तीला ज्यांनी जगवले तेच उडीद येथे अपात्र ठरावेत, ही शास्त्राची एक गंमतच म्हणावयाची. भारतात वाफेची नळी निषिद्ध आहे. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने व नंतर संसदेच्या त्याच वर्षीच्या अधिनियमाने तिची निर्मिती, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात या सर्वांना मनाई आहे. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे विलायतेत जे पुतण्यासाठी औषधवजा साधन आहे, ते नागपूरच्या विमानतळावर उतरताच त्याच्याच बॅगेत जप्तीचा माल होते. देश, काल आणि पात्र पाहून धर्म ठरतो हे वचन आपण इतके ऐकलेले असते की त्यातला देश हा शब्द सीमाशुल्काच्या कोठीपर्यंत खरा असतो, याची आठवण राहत नाही.

हा कायदा सुसंगत आहे काय? मला तो तसा वाटत नाही. ज्या शासनसंस्थेने कमी घातक वस्तूवर बंदी घातली, तिच्याच राज्यात अधिक घातक विडी प्रत्येक ठेल्यावर राजरोस मिळते. एवढेच नव्हे, तर तिचे पान हा मध्यप्रदेशात १९६४ च्या अधिनियमापासून सरकारी मक्तेदारीचा व्यापार आहे. दर उन्हाळ्यात जंगलाकाठची बायामाणसे तेंदूची पाने खुडून, पन्नास पन्नासांचे पुडे बांधून फडावर आणतात, हजार पुड्यांचा एक मानक बोरा मोजला जातो, आणि त्या मजुरीवर कितीतरी घरांची पावसाळ्याची बेगमी होते. त्या घरांकडे बोट दाखवून मी बोलत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये विडी ओढणारांचे प्रमाण सिगारेट ओढणारांच्या जवळजवळ दुप्पट आढळले, आणि त्या विडीला हात न लावता वाफेवर वरवंटा फिरवणे यात न्यायापेक्षा सोय अधिक दिसते. तथापि बंदीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे की ज्यांनी कधी विडीला स्पर्श केला नव्हता अशी शाळकरी पोरे अन्य देशांत या नळीच्या आहारी गेली होती, आणि राज्यकर्त्याला ओट्यावरच्या काकांबरोबर शाळेतल्या नातवाचाही विचार करावा लागतो.

नव्या वस्तूवरचा हा वाद तंबाखूइतकाच जुना आहे. मोगल दूत असद बेगाने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व रत्नजडित नळी अकबरापुढे आणली, तेव्हा दरबारच्या हकिमाने अपरिचित वस्तू म्हणून हरकत घेतली आणि असद बेगाने प्रत्येक रूढी एकेकाळी नवीच होती असा युक्तिवाद केला. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदीचे फर्मान काढले. त्या फर्मानाचे काय झाले हे पानठेल्यावर पाहावे. पण फर्माने निष्फळ ठरतात म्हणून ती मोडण्याचा परवाना मिळतो असे नाही, आणि विसंगत कायद्याखाली राहणाऱ्या गृहस्थाने पुतण्याला गुन्ह्यात गोवून स्वतःचे कल्याण साधावे, हे तर कोणत्याच आपद्धर्मात बसत नाही. कारण उडीद मिळण्याची दुसरी जागा येथे उघडी आहे.

ती जागा म्हणजे औषधाचे दुकान. निकोटीनची २ मिलिग्रॅमची चघळण्याची गोळी तेथे चिठ्ठीवाचून मिळते. ती थोडी चावून गालात दाबून ठेवायची असते, आणि खर्रा खाणाऱ्या मुलखात ही क्रिया कोणाला शिकवावी लागेल असे वाटत नाही. काकांना हृदयविकार असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सौंसरजवळ जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीपुढे विडी सोडल्याची शपथ घ्यायची असेल तर तीही अवश्य घ्यावी, पण शपथ घेऊन गोळी नाकारण्यात मला भक्तीपेक्षा अहंकार अधिक दिसतो. मीमांसकांनी द्रव्याला प्रतिनिधी मान्य केला, ऋत्विजालाही केला. फळाशी ज्याचा संबंध आहे त्या यजमानाला मात्र त्यांनी प्रतिनिधी दिला नाही. तेव्हा पुतण्याने येताना नळी आणू नये. गोळ्यांचे पैसे द्यावेत, आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी सेवेचा विनामूल्य क्रमांक काकांच्या हातून, त्यांच्याच दूरध्वनीवर, लावून घ्यावा.