मोफत दैनिक आणि देयधर्म

धर्मशास्त्रात दानाची व्याख्या दुहेरी आहे: वस्तूवरचे आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडायची आणि त्याच वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करायचे, यांतले एक जरी उणे राहिले, तरी देणे घडते, दान घडत नाही. या कसोटीवर मोफत दैनिके पाहू. स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत १९९५ साली विनामूल्य मिळू लागलेल्या ‘मेट्रो’ या दैनिकाचा कित्ता अनेक देशांत गिरवला गेला आणि २०१९ मध्ये खुद्द स्वीडनमध्येच त्याची छपाई थांबली. लंडनचे ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ २००९ मध्ये मोफत झाले आणि २०२४ मध्ये साप्ताहिकावर आले. अशा पत्राचा अंक वाचकाच्या पुरत्या मालकीचा होतो, तो रद्दीत घालायलाही मोकळा असतो. पण त्या अंकावर खिळणारी त्याची नजर जाहिरातदाराला आधीच विकलेली असते, म्हणजे देय वस्तू खरे तर वाचकच ठरतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. राजस दानानेही पोट भरते, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की परतफेड आटली की हातही आखडतो, आणि भुयारात मोबाइलला इंटरनेट मिळू लागल्यावर तेच झाले.

याउलट, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत दात्यांचे छोटे लेख आहेत, त्यांत दानाला ‘देयधर्म’, म्हणजे धर्म म्हणून द्यायची वस्तू, असा शब्द येतो. दाता स्वतःचे नाव लिहितो, तेव्हा हीही जाहिरातच, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच लेखात तो दानाचे पुण्य आईवडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना देऊन टाकतो, आणि काळोख्या लेण्यात तो लेख किती जण वाचतील यावर ते पुण्य अवलंबून नसते.

मग वाचकाने मोल दिले की पत्र तरते, असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. निजामाची बंदी सोसलेल्या ‘मराठवाडा’ पत्राला पुढे अनंत भालेराव यांच्यासारखा संपादक लाभला, विकत घेणारा वाचक लाभला, तरी ते छत्रपती संभाजीनगर शहरात बंद पडले. त्याच शहरात सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाण्याच्या बळावर फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळणारी पाणचक्कीदेखील आता धान्यासाठी नव्हे, पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि तिच्या आवारात शिरायला तिकीट काढावे लागते.