एका दमात दोन नावं

कार्तिकात उरुसाला निघालेला इस्लामपूरकर दोन नावं एका दमात घेतो. संभूआप्पा-बुवाफन. मध्ये 'आणि' नाही.

संभूआप्पा कोष्टी समाजातले, मागावर बसणाऱ्यांतले. बुवाफन मुसलमान साधू, आप्पांचे गुरू. आप्पांच्या मठाकडे जाणारी वाट पायीच धरावी. दर्शन शिष्याचं घ्यायचं, पण तोंडी नाव गुरूचंही येतं. तिथी कार्तिक पौर्णिमेची आणि जत्रेला शब्द मात्र उरूस. मग हे देऊळ की दर्गा? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण आप्पांनी गुरू निवडताना जात-धर्म पाहिला नाही, तर त्यांच्या दारात आलेल्याने तो का पाहावा?

असं घडलेलं हे काही एकमेव उदाहरण नव्हे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, आणि जनार्दनस्वामींचे गुरू दौलताबादचे सुफी चांद बोधले, असं परंपरा मानते. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही त्याच चांद बोधल्यांचे शिष्य मानले जातात. भागवत धर्माची एक मोठी वाट अशी सुफी उंबऱ्यावरून गेली आहे. हे सांगताना कुणी आवाज खाली आणू नये.

इस्लामपूरच्या नावावरून वर्षानुवर्षं वाद झडले. जुलै 2025 मध्ये विधिमंडळात 'ईश्वरपूर' या नावाची घोषणाही झाली. उरुसाचं नाव मात्र जोडीचंच आहे.

जोडीचीच गोष्ट इस्लामपूरच्याच वाळवा तालुक्यात, बह्याला भेटते. इथे कृष्णेचे दोन प्रवाह होतात आणि मधल्या बेटावर रामलिंग आहे. राम पूजेला बसले असताना नदीला लोंढा आला, मारुतीने बाहू पसरून पाणी दुभंगलं, म्हणून गाव बहे, अशी कथा. समर्थ रामदास इथे आले तेव्हा त्यांना राम दिसला, मारुती दिसेना. मग त्यांनी डोहात उडी घेऊन मूर्ती वर आणली म्हणतात. शके 1573, म्हणजे इ.स. 1651 च्या सुमाराची ही स्थापना, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. देव जागेवर होता, तरी भक्तावाचून समर्थांना ते क्षेत्र अपुरं वाटलं.

रामाच्या देवळामागे गेलं की तो मारुती दिसतो, पाणी अडवायला उभा ठाकलेला. पावसाळ्यात कृष्णा चढली की बेटाची वाट पाण्याखाली जाते. मग काठावरूनच हात जोडायचे, आधी रामाला, त्याच नमस्कारात मारुतीला.