पलीकडच्या तीरावरचा भाऊ

गेल्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आम्ही 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' हा १९९८ सालचा अॅनिमेशनपट दाखविला. तांबडा समुद्र दुभंगला, इस्राएल लोक पार झाले आणि फारोच्या सैन्यावर पाणी कोसळले, तेव्हा मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दिवे लागल्यावर एका मुलीने विचारले, "फादर, मोशे जिंकला ना? मग त्याचा चेहरा असा पडलेला का?" आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावली, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही.

फारोच्या कन्येने मोशेला पुत्र मानून वाढविले, एवढेच निर्गमाचा ग्रंथ सांगतो. चित्रपटकर्त्यांनी मात्र मोशे आणि रामसेस यांना एकाच राजवाड्यात भाऊ म्हणून वाढविले आहे. ही भर शास्त्रातील नसली तरी शास्त्राच्या मर्माला धरून आहे, असे आम्हाला वाटते. हिब्रू अर्भकांच्या हत्येचे चित्र राजवाड्याच्या भिंतीवर पाहून मोशे हादरतो आणि जाब विचारतो, तेव्हा ज्याला तो पिता मानत आला तो राजा त्याची समजूत घालतो की, मेले ते केवळ गुलाम होते. रामसेसही जन्मतः क्रूर नाही. घराण्याची साखळी आपल्या हातून तुटेल, या धास्तीने तो दिवसेंदिवस कठोर होत जातो.

हे पाहताना आम्हा रत्नागिरीकरांना थिबा राजवाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. ब्रह्मदेशाचा हा राजा १८७८ साली गादीवर आला आणि गादीला धोका नको म्हणून १८७९ साली राजघराण्यातील सुमारे ८० जणांची हत्या झाली. त्यामागे राणी सुपयालत आणि तिच्या आईचा हात होता असे म्हणतात. पण राजा तो होता. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा केले. जुलमी राजा पडला खरा. परंतु त्याला पाडणारे मोशे नव्हते. युद्धाचे निमित्त सागवानाचा व्यापार करणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीला झालेल्या दंडाचे होते, आणि ब्रह्मदेशाची प्रजा एका राजाकडून सुटून परक्या सत्तेच्या हाती पडली. त्याच सत्तेने दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ साली रंगूनला धाडले होते. तो तिकडे मेला, थिबा इकडे.

१८८६ मध्ये रत्नागिरीस आणलेला राजा १९१० साली या नव्या वाड्यात राहावयास आला आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. तीस वर्षे समोर समुद्र होता. पण परतीची वाट नव्हती. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू या गावातच गरिबीत संसार करून २००० साली निवर्तली. तिला ओळखणाऱ्यांना तिच्या आजोबांची कृत्ये नव्हे, तिचे कष्ट दिसले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. फारोविषयी दया दाखविताना नाईल नदीत बुडविलेल्या बालकांचा आपण विसर पाडीत नाही काय? दया म्हणजे निर्दोष ठरविणे नव्हे. चित्रपटातील मोशे समुद्राला मागे फिरवीत नाही. गुलामांची मुक्तता झालीच पाहिजे. फक्त पलीकडच्या तीरावरून रामसेसची हाक येते तेव्हा त्याला तो भाऊच वाटतो. यहुदी परंपरेतही अशी एक कथा आहे: इजिप्तचे लोक बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा आपल्या हातची निर्मिती बुडत असता गीत कसले, असे म्हणून परमेश्वराने त्यांना थांबविले. प्रभू येशूने वैऱ्यावर प्रीती करावयास सांगितले ते याच वाटेवर पुढचे पाऊल होय.

आपणही सदैव मोशेच्या बाजूला उभे असतो, असे नाही. आंब्याच्या हंगामात आपल्या बागा राखणारा नेपाळी राखणदार, मिरकरवाड्याच्या बोटींवरील परप्रांतीय खलाशी, घरी भांडी घासणारी बाई यांच्याविषयी "तो काय, गडीच तर आहे" असे आपण बोलून जातो, तेव्हा फारोचेच वाक्य आपल्या तोंडी असते. हंगाम संपल्यावर त्याची मजुरी अडकवून ठेवणारा बागायतदार मिस्सेला पहिल्या बाकावर बसत असेल. त्याला खडसावणे आमचे कर्तव्य आहे, आणि त्याला भाऊ मानणेही. पहिले करताना दुसरे आमच्याकडून अनेकदा राहून गेले आहे, हे येथे मान्य करतो.

पास्काच्या जागरणात निर्गमाचा चौदावा अध्याय कधीही गाळला जात नाही. येत्या पास्काला तो वाचला जाईल तेव्हा त्या मुलीला आम्ही सांगणार आहोत, "बाळ, मोशे जिंकला, पण पाण्यात त्याच्या भावाची माणसे होती." टाळ्या वाजविणाऱ्या इतर मुलांनाही तिच्याशेजारी बसविण्याचा आमचा विचार आहे.