एक तारा आणि इशायाचा बुंधा

आगमनकाळ, पहिला आठवडा, मंगळवार
आजची वाचने: यशया 11:1-10, स्तोत्र 72, लूक 10:21-24



आजचं मनन उशिरा येतंय. सकाळी पहिलं वाचन वाचलं आणि लॅपटॉप बंद करून बसलो, कारण ते वाचन थेट माझ्यावरच होतं. म्हणून आधी शनिवारी काय झालं ते सांगतो, मग यशयाकडे वळू.

शनिवारी आम्ही तिघं नाताळाचं झाड आणायला गेलो. इथे न्यू जर्सीत झाड स्वतः कापून न्यायची शेतं आहेत. फर आणि स्प्रूसच्या रांगा, करवत तेच देतात. आपण झाड निवडायचं, कापायचं, पैसे द्यायचे आणि गाडीच्या टपावर बांधून घरी न्यायचं. लहानपणी वसईला आम्ही सुरूची फांदी आणून वाळू भरलेल्या डब्यात उभी करायचो, त्यामुळे मला या प्रकाराचं भारी अप्रूप. मुलगी सात वर्षांची झाली. यंदा तिला पहिल्यांदा करवत धरायला मिळणार होती. महिनाभर घरात तोच विषय.

सव्वा तास गाडी चालवून पोचलो. वेबसाइटवर लिहिलं होतं, आठ फुटांपर्यंतचं कुठलंही झाड 85 डॉलर. फ्रेझर फरच्या रांगांमध्ये निम्मे नुसते बुंधे, उरलेल्यांपैकी बरीच झाडं आतून तपकिरी पडलेली. करवत इतकी बोथट की मुलीच्या हाताने सालीवर रेघही उमटेना. शेवटी मीच ओल्या मातीत आडवा पडून वीस मिनिटं घासत होतो. झाड ओढत काउंटरवर आणलं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ही रांग प्रीमियम आहे, 125 डॉलर. वेबसाइटवर तर वेगळं आहे? "ती जुनी आहे." कार्ड चालेल? "फक्त कॅश." यातलं एकही वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

कापलेलं झाड परत थोडंच चिकटवता येतं! बायकोची पर्स, गाडीतले खण, सगळीकडून नोटा गोळा करून पैसे भरले.

झाडाला जाळी गुंडाळायचं मशीन बंद होतं. शेजारी एक पोरगा उभा, सोळा-सतरा वर्षांचा, हातात सुतळीचं रीळ. मी म्हटलं, टपावर बांधून दे. तो म्हणाला, आम्हाला बांधायची परवानगी नाही, दोरी तेवढी देऊ शकतो. (नंतर कळलं, बऱ्याच शेतांवर हाच नियम असतो. रस्त्यात झाड सुटून पडलं तर जबाबदारी कोणाची, म्हणून.) तोवर साचलेलं सगळं मी त्याच्यावर काढलं. "मग तू इथे आहेस कशाला?" इंग्रजीत, वरच्या पट्टीत. आणखी दोन वाक्यं बोललो, ती इथे लिहीत नाही. काउंटरवरच्या बाईंना मी शेवटपर्यंत 'मॅम' म्हणत होतो, हे लक्षात घ्या. आवाज चढला तो ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्यावर. तो काही बोलला नाही. दोरीचा आणखी एक तुकडा कापून त्याने माझ्या हातात दिला.

गाडीत बसल्या बसल्या रिव्ह्यू टाकला. वन स्टार, फोटोंसकट. शेवटी लिहिलं की इथली पोरं आळशी आहेत. रविवारी मिस्साला गेलो, आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली, शेजारच्यांना शांतीचं चिन्ह दिलं, आणि बाहेर पडता पडता फोन काढून रिव्ह्यूला किती लाइक आले ते पाहिलं. चौदा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी संध्याकाळी मुलगी दुकान-दुकान खेळत होती. बाहुल्या रांगेत उभ्या. त्यातल्या एकीवर ती खेकसली, "मग तू इथे आहेस कशाला?" माझाच सूर, हाताची खूणही तीच.

आणि आज सकाळी समोर यशया 11.

हा अध्याय सुटा वाचू नका. दहाव्या अध्यायाच्या शेवटी देव कुऱ्हाड चालवतोय, उंच उंच झाडं कोसळतायत. रोख आहे अश्शूरच्या गर्वावर. अध्यायांचे आकडे नंतरच्या काळात पडलेत, त्यामुळे खरं तर कुऱ्हाड थांबते आणि पुढच्याच वाक्यात आपण एका बुंध्यासमोर उभे असतो. तो बुंधा दावीदाचा नाही, इशायाचा आहे. इशाय म्हणजे दावीदाचा बाप, बेथलेहेममधला मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. संदेष्टा राजवाड्याच्याही मागे जातो, जिथे अजून कोणी राजा झालेलं नाही तिथे. त्या बुंध्यातून कोंब फुटेल, म्हणतो.

या कोंबाचं म्हणजे येणाऱ्या राजाचं पहिलं काम काय? तिसरं वचन पाहा. तो डोळ्यांना दिसतं तेवढ्यावरून न्याय करणार नाही, कानावर पडतं तेवढ्यावरून निवाडा देणार नाही. लगेच चौथ्यात गरीब आणि दीन लोक येतात, त्यांचा न्याय तो सरळपणे करील. मी इथेच थांबलो होतो. मी तर डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं आणि पाच मिनिटांत निकाल लावून, वर फोटो जोडून मोकळा झालो होतो.

गंमत अशी की हाच धडा इशायाच्याच घरात आधी एकदा देऊन झालाय. 1 शमुवेल 16. शमुवेल राजा निवडायला आला, थोरला अलीयाब दिसला, उंचापुरा, आणि शमुवेलाला वाटलं, हाच तो. देवाने थांबवलं: माणूस बाहेरचं पाहतो, मी अंतःकरण पाहतो. सात मुलं समोरून गेली. आठवा मेंढरांमागे होता, त्याला घरच्यांनी बोलावलंसुद्धा नव्हतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे फसवलं तरी गप्प बसायचं का? नाही. लेवीय 19 मध्ये वजनं-मापं खरी ठेवा असं देव स्पष्ट सांगतो. 85 लिहून 125 घेणं हे खोटं माप आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. पुढचं कुटुंब तरी कॅश घेऊन, भाव विचारून जाईल. पण किमतीबद्दलची तक्रार आणि त्या पोराबद्दलचं माझं वाक्य या दोन गोष्टी मी एकाच पिशवीत घातल्या होत्या.

शनिवारी रात्री त्यांच्याविरुद्ध आणखी मुद्दे मिळावेत म्हणून मी या शेतीबद्दल वाचत बसलो होतो. मिळालं भलतंच. अमेरिकेतलं नाताळाच्या झाडांचं पहिलं शेत याच न्यू जर्सीत, ट्रेंटनजवळ, 1901 मध्ये 25,000 नॉर्वे स्प्रूस लावून सुरू झालं असं सांगतात. फ्रेझर फर मात्र मुळात दक्षिण ॲपलेशियनच्या उंच डोंगरांवरची. सखल भागातल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत तिची मुळं बुरशीने कुजतात आणि झाड तपकिरी पडतं. सहा-सात फूट वाढायला सात ते दहा वर्षं लागतात, दर उन्हाळ्यात छाटणी करावी लागते, आणि सगळी कमाई तीन-चार वीकेंडमध्ये. म्हणजे माझ्या मुलीच्या वयाचं झाड मी कापून आणलं होतं. वाडीवाल्याच्या घरातल्या माणसाला हे इंटरनेटवर वाचायला लागावं! माझी आजी पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जायची. एखाद्या गिऱ्हाइकाने तोंड टाकलं की त्या दिवशी घरी येऊन ती कोणाशीच बोलायची नाही. नुसती पितळी धूत बसायची.

आज सकाळी मी ते रिव्ह्यूचे फोटो पुन्हा उघडले. एक फोटो मुद्दाम काढला होता, नुसते बुंधे दाखवायला. त्यातल्या एका बुंध्याला खाली हिरव्या फांद्यांचं कडं राहिलेलं आहे आणि त्यातून वीतभर कोंब सरळ वर निघालाय. खालच्या जिवंत फांद्या ठेवून कापलं तर असं पुन्हा झाड धरता येतं म्हणे. तो फोटो मी पुरावा म्हणून टाकला होता. आजच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांच्या डोळ्यांना धन्य म्हणतो. माझे डोळे त्या फोटोवर तीन दिवस होते.

रिव्ह्यू बदलला. भावाचं आणि कॅशचं तसंच ठेवलं, पोरांबद्दलचं वाक्य काढलं. मग फोन केला. त्याच बाई होत्या. मी म्हटलं, शनिवारी सुतळीपाशी असलेल्या मुलाची माफी मागायची आहे. त्या म्हणाल्या, "कुठला? तिघं होते." निळी टोपी, मी म्हटलं. जरा थांबून म्हणाल्या, तो फक्त शनिवार-रविवार येतो. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

मत्तय 5 मध्ये वेदीपाशी भेट तशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. मुलीला सांगितलं की पप्पा त्या दादाशी चुकीचं बोलले, सॉरी म्हणायला जायचंय. ती म्हणाली, मी पण येते, आणि त्याची दोरी परत देऊ या.

दोरी गुंडाळून दाराशी ठेवली आहे. शनिवारसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा. उद्याचं वाचन यशया 25:6-10.