रोलरची वर्गणी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालमीचं नाव ऐकलं की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लंगोट आणि लाल माती येते. पेठेतल्या पोराला आधी आठवतो फुटबॉल. बालगोपाल तालमीचंही तेच. कुस्तीची तालीम फुटबॉलची कशी झाली, असं पाहुणे विचारतात. मी त्यांना विम्बल्डनची गोष्ट सांगतो.

विम्बल्डनचा तो क्लब १८६८ साली निघाला तो क्रोकेसाठी, म्हणजे लाकडी हातोड्यानं चेंडू कमानीतून ढकलण्याच्या खेळासाठी. टेनिस मागाहून आलं आणि घर बळकावून बसलं. तरी क्रोके हा शब्द क्लबच्या नावात आजही आहे, आपल्या संघांच्या नावात ‘तालीम’ आहे तसाच.

पण गंमत पुढे आहे. १८७७ साली क्लबचा घोड्यानं ओढायचा रोलर नादुरुस्त झाला. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून टेनिसची स्पर्धा भरवली. प्रवेश फी एक गिनी, खेळाडू बावीस. पावसानं लांबलेली फायनल शिलिंगाचं तिकीट काढून दोनेकशे लोकांनी पाहिली. जिंकला स्पेन्सर गोर. त्याला स्वतःला टेनिसपेक्षा क्रिकेटच प्यारं! जगातली सर्वांत जुनी टेनिस स्पर्धा उभी राहिली ती अशी, जमीन सपाट करायच्या खर्चातून. चषकाची हौस नंतरची.

तो स्वभाव त्यांनी सोडलेला नाही. आजही गवत आठ मिलिमीटर म्हणजे आठच. सेंटर कोर्ट जवळजवळ वर्षभर मोकळं ठेवतात, पंधरा दिवसांच्या खेळासाठी. याच विम्बल्डनमध्ये २०२२ साली, चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा पहिल्यांदा भरली तेव्हा, कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळून आली.

मैदानाचा हा सोवळेपणा आपल्याला परका नाही. तालमीच्या हौद्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून माती मुरवतात. पहाटे पोरं फावड्यानं ती उकरतात, ढेकळं हातानं फोडतात, मगच जोडी धरतात. माती उकरणं हाच पहिला व्यायाम. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तेही हौदा मधोमध आणि बसायची जागा भोवती चढत नेऊन. मातीवरची पकड शेवटच्या माणसाला दिसावी म्हणून.

मग कुस्तीकडून फुटबॉलकडे येताना तालमीचं नाव आणि ईर्षा आली, फावडं तेवढं मागं कसं राहिलं? हौद्यात चपला घालून कुणी जाणार नाही. पण गावोगावच्या मैदानांवर आपण सभा घेतो, मांडव ठोकतो, गाड्या लावतो आणि रविवारी त्याच खड्ड्यांत पोरांना खेळायला सोडतो. वर्गणी निघते चषकाला, बक्षिसाला, हलगीला. रोलरसाठी पावती फाडलेली मी तरी पाहिली नाही.

यंदा तालमीची पोरं दारात आली तर वर्गणी जरूर द्या. फक्त विचारा, यातलं मैदानावर पाणी मारायला किती?