रेघ कोणी ओढायची?

आमचे दादा बारामतीच्या पेठेत एका गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर स्वस्तिक काढून तिला हळदकुंकू वाहून होईपर्यंत घरात कोणाची करंजीला हात लावायची छाती नव्हती. वहीच्या बाबतीत त्यांचा एक दंडक असे. शाईने पडलेला आकडा खरवडायचा नाही. चुकला असेल तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा; शेजारी बरोबर आकडा आणि सही. लहानपणी मी एकदा खेळता खेळता त्यांच्या वहीतला एक आकडा ब्लेडने घासून दुसरा केला होता. त्या दिवशीचा मार यंदाच्या उन्हाळ्यात इंदापुरात मला पुन्हा आठवला, आणि तोही एका यंत्रापाशी.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिचा फोन आला. "सर, एका कारखान्यानं त्यांचा जुना गॅस क्रोमॅटोग्राफ आम्हाला देऊन टाकलाय. यंत्र चालतंय, पण त्याचं पेन गेलंय आणि कागदाची गुंडाळीही आता मिळत नाही. कॉम्प्युटरला जोडायचाय. याल का?" निवृत्त मास्तराला असे बोलावणे म्हणजे सणच. दुसऱ्या दिवशी भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावे मागे टाकीत एस.टी.ने मी इंदापूर गाठले.

क्रोमॅटोग्राफी हा शब्द भारदस्त असला तरी गोष्ट घरगुती आहे. टीपकागदावर शाईचा थेंब टाकून कागदाची कड पाण्यात बुडवली, की पाणी चढता चढता शाईतले रंग वेगवेगळे होत जातात. मिखाईल त्स्वेट नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सा येथे खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क असाच सोडला, आणि हिरव्या-पिवळ्या रंगांची वलये नळीत वेगवेगळी उमटली. १९०६ साली त्याने या रीतीला नाव दिले. रशियन भाषेत 'त्स्वेट' म्हणजेच रंग; माणसाचे आडनाव इतके सार्थ क्वचितच होते. पुढे १९५२ साली मार्टिन आणि सिंज या दोघा इंग्रजांना याच विद्येसाठी नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी जेम्स व मार्टिन यांनी ही युक्ती वायूच्या प्रवाहात करून दाखवली.

इंदापूरचे यंत्र त्या वायूच्या घराण्यातले. बारीक दाण्यांनी भरलेली एक वेटोळी नळी. तिच्या तोंडाशी सुईने थेंबाचाही अंशच टोचायचा. नायट्रोजन त्याची वाफ पुढे ढकलतो. वाटेत मिश्रणातले पदार्थ कमीजास्त रेंगाळतात, आणि वारकऱ्यांच्या दिंड्यांसारखे एकामागून एक बाहेर येऊन हायड्रोजनच्या ज्योतीत जळतात. त्या जळण्यातून विजेचा जो इवलासा प्रवाह निघतो, तो पूर्वी एका पेनाला हलवी आणि सरकत्या कागदावर डोंगर उमटे. डोंगराखालची जागा मोठी, तर पदार्थ जास्त. ही ज्योत डोळ्यांना दिसत नाही. ती पेटली का हे पाहायला तिच्या तोंडावर लखलखीत पाना धरायचा. पान्यावर वाफ धरली की पेटली. इतक्या वर्षांनी तो पाना धरताना माझा हात थरथरत होता, असे तिने नंतर सांगितले. ते नुसते वयाने नव्हते.

पेनाकडे जाणाऱ्या दोन तारा सोडवून आम्ही एका छोट्या डबीला जोडल्या. ही डबी सेकंदाला दहा वेळा विजेचा दाब मोजते आणि आकडा संगणकाला सांगते. पडद्यावर सरळ रेघ यायची, ती आली लाटेसारखी, संथ आणि गोल. आपल्या घरातली वीज सेकंदाला सुमारे ५० हेलकावे खाते. तिच्याकडे आपण सेकंदाला दहाच वेळा डोळे उघडून पाहिले, तर खरा हेलकावा दिसत नाही. त्याच्या जागी एक मंद, खोटी लाट दिसते. सिनेमात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच प्रकार. आम्ही प्रयोगशाळेतले 'शुद्ध' म्हणून आलेले स्पिरिट टोचले. लाटेतून मद्यार्काचा उभा डोंगर वर आला, आणि त्याच्या पायथ्याशी, जरा अलीकडे, एक टेकाड. मिथेनॉल यायचे ते साधारण त्याच जागी.

तिने दोन ठिकाणी टिचकी मारली. लाट गेली. टेकाडही गेले.

"झालं, सर! किती स्वच्छ आलं बघा." आठवड्याने यंत्राचे उद्घाटन होते, पाहुणे यायचे होते. मी गप्प राहिलेला पाहून ती म्हणाली, "रेघ सॉफ्टवेअरनं ओढलीय, सर. आपण नाही."

आता मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे. १९७९ साली मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. तेव्हा डोंगर मोजायची आमची रीत अशी: पायथ्याशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढायची, डोंगर कात्रीने कापून काढायचा आणि तो कागद तराजूत तोलायचा. कागदाचे वजन हेच पदार्थाचे माप. हसू नका, चांगले अचूक माप येई. पण सगळा डाव त्या पेन्सिलीच्या रेघेवर. एका दुपारी एका मालात नको तो पदार्थ ठरल्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त भरला. टँकर फाटकाशी उभा होता. वरच्यांनी काही आज्ञा केली नाही, ते एवढेच म्हणाले, "रेघ जरा वर घेऊन बघा." मी खोडरबर घेतला, पहिली रेघ पुसली, दुसरी केसभर वर ओढली आणि कात्री चालवली. माल मर्यादेत बसला. संध्याकाळी टँकर गेला. तो कुठे गेला, त्यातले काय झाले, मला ठाऊक नाही. काही झाले नसेलच. वर्षभरात मी ती नोकरी सोडून मास्तर झालो आणि मुलांना अचूकपणा शिकवू लागलो.

हे मी तिला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले ते मात्र नेमके होते. "मग काही सुधारायचंच नाही का, सर? लाट तर खोटीच होती ना?"

होय, खोटी होती, आणि ती काढलीच पाहिजे. जुन्या पेनाची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. ते पेन जड होते, बारीक थरथर त्याला उमटवताच येत नसे. म्हणजे गुळगुळीत करण्याचे काम तेही करी, फक्त कोणाला विचारत नसे. अस्सल, कोणाचाही हात न लागलेली रेघ कोणत्याच यंत्रात नसते. तेव्हा हात लावला की नाही, हा प्रश्नच नव्हे. मी तिला उलट विचारले, "आकडा बघायच्या आधी तू हाच नियम लावला असतास का?" माझ्या पेन्सिलीच्या रेघेला या प्रश्नाचे उत्तर देता आले नसते. पायथ्याची रेघ अमुक रीतीने ओढायची असे मी सकाळी ठरवले असते, तर ती रीत चूक निघाली तरी मी दोषी नव्हतो. टँकर पाहून मी रीत शोधली. आणि नियम सॉफ्टवेअरचा असला, तरी इतक्या उंचीखालचे टेकाड मोजू नकोस, हे त्याला कोणाच्या तरी बोटाने सांगितलेले असतेच.

पुढचे दोन दिवस आम्ही लाटेच्या मागे लागलो. तार बदलून जाळीच्या वेष्टनाची घेतली, वेष्टन एकाच टोकाला जमिनीशी जोडले, डबीच्या तोंडाशी बारीकसा गाळणारा जोड बसवला. लाट मावळली. नमुना न टोचता यंत्र चालवले: कोरी रेघ. तेच स्पिरिट तीनदा टोचले: तिन्ही वेळा टेकाड त्याच मिनिटाला, त्याच जागी. मग ओळखीचे मिथेनॉल टोचले. वेळ जुळली. स्पिरिटच्या कॅनवर तिने लाल शाईने तसे लिहिले आणि कॅन वेगळ्या कपाटात ठेवला.

उद्घाटनाला मी गेलो होतो. भिंतीवर छापील आलेख लावला होता, त्यात डोंगर आणि टेकाड दोन्ही. खाली तिच्या अक्षरात: कोणती तार बदलली, कोणता नियम कधी लावला, आणि सही. एका पाहुण्यांनी विचारले, "हे बारकं काय?" तिने सांगितले. त्यांनी मान हलवली आणि ते चहाकडे वळले.

परतताना लासुर्णे सोडल्यावर आमच्या एस.टी.च्या पुढे एक टँकर लागला. बराच वेळ तो बाजू देईना. त्याच्या पाठीवरचा नंबर मी नकळत मोठ्याने वाचला असावा, कारण शेजारच्या आजींनी विचारले, "वळखीचा हाय का?"

"नाही," मी म्हणालो.