शिडीने जहाजावर चढणाऱ्याचे शिक्षण

मुंबईत वा कोकणात वाढून व्यापारी जहाजावर नोकरीला लागणाऱ्या तरुणाच्या शिक्षणाला जगभर एकच माप आहे. खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि पहारा यांविषयी १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. 'एसटीसीडब्ल्यू' या आद्याक्षरांनी तो जहाजी लोकांना तोंडपाठ असतो. १९८४ मध्ये तो अमलात आला, १९९५ मध्ये त्याची जवळजवळ नव्याने मांडणी झाली आणि २०१० मध्ये मनिला येथे पुन्हा मोठ्या दुरुस्त्या झाल्या. आग कशी विझवायची, बचावनौका पाण्यात कशी उतरवायची, रात्रीच्या पहाऱ्यावर किती विश्रांतीनंतर यायचे, हे सारे त्यात ठरलेले आहे. म्हणून आपल्याकडे शिकलेला अधिकारी पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजावर फिलिपिनी खलाशांच्या जोडीने पहिल्याच दिवसापासून काम करू शकतो. मात्र याच कराराच्या तिसऱ्या कलमाने युद्धनौका आणि बिगरव्यापारी कामावरची सरकारी जहाजे वगळली आहेत. त्यामुळे संकटात त्या जहाजाकडे धावून जाणारा, किंवा संशयावरून त्याची झडती घ्यायला शिडीने वर चढणारा तटरक्षक आपापल्या देशाच्या रिवाजाने शिकतो. १९७८ मध्ये हे समजण्यासारखे होते, कारण तेव्हा अनेक देशांत तटरक्षक दल वेगळे अस्तित्वातच नव्हते. भारताच्या दलालाही कायद्याचा आधार मिळाला तो त्याच वर्षी. आज ही फट परवडणारी नाही. तटरक्षकांच्या शिक्षणालाही सामाईक, बाहेरच्या माणसाला तपासता येईल असे माप हवे आणि त्याची सुरुवात बचाव आणि पुरावा या दोन विषयांपासून व्हावी, असे मला वाटते. शस्त्रांचा विषय नंतर आला तरी चालेल.

बचावाच्या बाबतीत ही कल्पना सर्वांत आधी रुजली. १९७९ मध्ये हॅम्बुर्ग येथे सागरी शोध आणि बचावाचा करार झाला आणि १९८५ मध्ये तो लागू झाला. पुढे जगाचे सगळे समुद्र बचावाच्या जबाबदारीसाठी क्षेत्राक्षेत्रांत वाटले गेले. या क्षेत्रांच्या रेषांमुळे देशांच्या सागरी सीमांवर कोणताही परिणाम होणार नाही, हे करारातच नोंदवले आहे. ही तरतूद नसती तर बहुतेक राष्ट्रांनी सहीच केली नसती, कारण समुद्रावरच्या प्रत्येक रेषेकडे ती मालकीच्या नजरेने पाहतात. नंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आणि नागरी विमान वाहतूक संघटना यांनी मिळून बचावाची तीन खंडांची सामाईक पुस्तिका तयार केली. बेपत्ता बोट शोधताना चौकोन कसा वाढवत न्यायचा, घटनास्थळी अनेक जहाजे जमली तर सूत्रे कुणाकडे, हे आता चेन्नईत आणि चिलीत एकाच पद्धतीने शिकवता येते. जीव वाचवण्यात कुणाचे सार्वभौमत्व धोक्यात येत नाही, म्हणून एवढी मजल लवकर मारता आली.

गुन्ह्याच्या बाबतीत मात्र आशियाला जाग आली ती एका घटनेने. २२ ऑक्टोबर १९९९ रोजी 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाच्या कुआला तांजुंग बंदरातून सुमारे ७००० टन ॲल्युमिनियम घेऊन निघाले आणि थोड्याच वेळात चाच्यांनी ते बळकावले. जहाजावरच्या १७ जणांना त्यांनी पुढे तराफ्यावर सोडून दिले. कित्येक दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवले. तोवर जहाजाचा रंग बदलला होता, त्याचे नाव 'मेगा रामा' झाले होते आणि त्यावर बेलिझचा झेंडा लागला होता. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने जहाजाचे वर्णन समुद्रभर कळवले, म्हणून ते अरबी समुद्रात ओळखू आले. भारतीय तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या गस्ती जहाजाने पाठलाग केला, नौदलाची 'प्रहार' मदतीला आली आणि १६ नोव्हेंबरला १५ इंडोनेशियन चाचे पकडले गेले. त्यांनी जहाजाला आग लावून ते बुडवायचा प्रयत्न केला होता. आपल्या लोकांनी आग आटोक्यात आणली, आत येणारे पाणी रोखले आणि जहाज ओढून मुंबईला आणले. मालक जपानी, झेंडा पनामाचा, खलाशी बहुतेक फिलिपिनी, चाचे इंडोनेशियाचे, वाचवणारे थायलंडचे, खबर मलेशियातून आणि पकडणारे भारतीय: एका गुन्ह्यात इतकी राष्ट्रे गुंतल्यावर कोणतेही दल एकट्याने काय करणार?

त्याच महिन्यात जपानचे पंतप्रधान ओबुची यांनी आग्नेय आशियाई देशांच्या बैठकीत या भागातल्या तटरक्षक दलांची परिषद बोलावण्याची सूचना केली आणि एप्रिल २००० मध्ये ती टोकियोला भरली. त्याच वर्षापासून भारत आणि जपानच्या तटरक्षकांचा संयुक्त सराव सुरू झाला. २००४ पासून आशियाई तटरक्षक प्रमुखांची बैठक होऊ लागली. त्याच वर्षी चाचेगिरीविरोधी 'रीकॅप' करार ठरला, २००६ मध्ये तो अमलात आला आणि सिंगापूरला त्याचे माहिती केंद्र उभे राहिले. या काळात आणखी एक खोल बदल घडला. फिलिपिन्सचे तटरक्षक दल १९९८ मध्ये नौदलापासून वेगळे झाले, मलेशियाची सागरी अंमलबजावणी संस्था २००५ मध्ये कामाला लागली. जपानने १९४८ च्या आपल्या कायद्यातच लिहून ठेवले आहे की त्यांच्या तटरक्षक दलाची घडण वा प्रशिक्षण लष्करी स्वरूपाचे असणार नाही. हे बिगरलष्करी स्वरूप सहकार्याला उपयोगी पडते. शेजारच्या देशाची युद्धनौका जवळ आली तर सरकारे बिचकतात. पांढरे गस्ती जहाज आले तर निदान बोलणे सुरू होऊ शकते. २०१५ मध्ये जपानने टोकियोतील धोरण अभ्यास संस्था आणि कुरे येथील तटरक्षक अकादमी मिळून आशियाई अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा या कल्पनेने आणखी एक पायरी ओलांडली. सराव वर्षातून काही दिवसांचा असतो आणि एकत्र शिकणे वर्षभराचे.

तरीही ज्या घटनेने हे सारे सुरू झाले, तिचा शेवट विसरता येत नाही. 'अलोंड्रा रेनबो'च्या चाच्यांवर मुंबईत खटला चालला. चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच आपल्या कायद्यात नसल्याने दंड संहितेच्या आणि इतर कायद्यांच्या कलमांवर तो उभा करावा लागला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. सोमालियाजवळच्या समुद्रातही पुढे तेच दिसले: अनेक देशांच्या नौदलांनी चाचे पकडले आणि खटला कुठे चालवायचा, पुरावा कोर्टात टिकेल का, या प्रश्नांपुढे हात टेकून त्यांना सोडून दिले. भारताने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला तो २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरचे ३५ सोमाली चाचे नौदलाने मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा निदान कायदा हाताशी होता. पण कायद्याच्या कलमाला जीव येतो तो डेकवरच्या पंचनाम्याने. जहाज नेमके कुठे होते, कोण कुठे उभा होता, शस्त्र कुणाच्या हातून आणि कुणासमोर जप्त झाले, आरोपीला दुभाषा मिळाला का, जखमी खलाशाचा जबाब तो मायदेशी जाण्यापूर्वी घेतला का? खवळलेल्या समुद्रावर हे नीट करणे बंदूक चालवण्याइतकेच अवघड आहे, आणि त्याचे शिक्षण त्याहून कमी मिळते. एका देशाने केलेली नोंद दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशाला वाचता यावी, तिच्यावर विश्वास ठेवता यावा, एवढे माप ठरवायला कुणी आपली गुपिते उघडी करण्याची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप सार्वभौमत्वाचा येतो आणि तो पोकळ नाही. 'रीकॅप'पासून इंडोनेशिया आणि मलेशिया दूर राहिले. मलाक्काच्या सामुद्रधुनीत त्यांनी सिंगापूरबरोबर २००४ मध्ये गस्तीचा मेळ घातला, पण प्रत्येकाचे जहाज आपापल्या पाण्यात, ही अट कायम ठेवून. समुद्रमार्गाने आलेल्या सत्तांनी ज्यांच्यावर राज्य केले त्यांना परक्या गस्तीची धास्ती वाटणारच. या आक्षेपाचा दुसरा पदर असा, की श्रीमंत देश जहाजे आणि प्रशिक्षण देतात ते आपला वचक वाढवण्यासाठीही देतात. दक्षिण चीन समुद्राच्या वादाकडे पाहून हे नाकारता येणार नाही. म्हणूनच माप एखाद्या दात्या देशाने ठरवू नये. ते आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेसारख्या व्यासपीठावर, छोट्या देशांच्या मतासह ठरावे. 'एसटीसीडब्ल्यू' करार कुणा एका देशाचा नाही, म्हणून तर तो सगळ्यांचा झाला. आणि मलाक्कातल्या गस्तीने दाखवले आहे की गस्त स्वतंत्र ठेवूनही पद्धती जुळवता येतात.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: चांगले शिक्षण चांगले वर्तन घडवतेच असे नाही. युरोपने या वाटेवर सर्वांच्या पुढे मजल मारली आहे. २००४ च्या निर्णयाने वॉर्सात 'फ्रॉन्टेक्स' ही सीमा संस्था उभी राहिली. तिने सदस्य देशांच्या सीमारक्षकांसाठी सामाईक अभ्यासक्रम आणि पात्रतेची चौकट आखली, २०१६ मध्ये तिचा पसारा तटरक्षणापर्यंत वाढला आणि २०१९ च्या नियमाने २०२७ पर्यंत १०,००० जणांचे कायमचे दल उभारायचे ठरले. मूलभूत हक्कांचा धडा त्या अभ्यासक्रमात आहे. तरीही ग्रीसजवळच्या समुद्रात आश्रयार्थींना परत लोटले गेल्याचे आरोप झाले, संस्थेच्या वर्तनाची चौकशी झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्या संचालकाला पायउतार व्हावे लागले. यावरून सामाईक माप निरुपयोगी आहे असे म्हणणारे अर्धेच पाहतात. जे माप लिहून ठेवले होते, त्याच मापाने त्या संस्थेला जाब विचारता आला. मात्र यातून एक गोष्ट पक्की होते, की प्रमाणपत्र देणारा आणि वर्तन तपासणारा वेगवेगळा हवा, आणि तपासणाऱ्याच्या हाती जहाजावरच्या नोंदी पडायला हव्यात.

शत्रुत्व असेल तिथे हे चालणार कसे, हाही प्रश्न असतो. भारताचे तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात २००५ मध्ये सामंजस्य करार झाला. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणकडे निघालेली 'अल पिरानपीर' बुडाली, तेव्हा दोन्ही देशांची बचाव केंद्रे एकमेकांशी बोलत राहिली आणि १२ भारतीय खलाशी वाचले. एवढ्या कटुतेतही हे घडले, कारण बचावाची पद्धत दोघांनी एकाच पुस्तकातून शिकली होती. याच समुद्रात पालघरचे आणि गुजरातचे मच्छीमार सीमारेषा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले जातात आणि वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात. दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पकडले त्या क्षणी बोट कोणत्या अक्षांश-रेखांशावर होती, हे एका ठरलेल्या नमुन्यात, बोटीच्या तांडेलाच्या सहीने नोंदवावे आणि ती नोंद त्याच दिवशी पलीकडच्या केंद्राला कळवावी, एवढे जरी दोन्ही दलांच्या प्रशिक्षणात सारखे शिकवले, तरी त्या मच्छीमारांच्या सुटकेची बाजू मांडताना वकिलाच्या हाती पहिल्या दिवसापासून काहीतरी लेखी असेल.